अर्ध्या ओठांची शिट्टी

सकाळी दात घासून चूळ भरताना पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आपसूक बाहेर आलं, तेव्हा सासूबाईंना वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. त्यांनी पुन्हा चूळ भरली. पुन्हा तेच. मग आरशात पाहिलं. उजवी बाजू त्यांचीच होती. डावी मात्र खाली ओघळलेली होती. भुवई हलेना, डोळा मिटेना.

"अगं, हे बघ जरा," असं म्हणायला त्या स्वयंपाकघरात आल्या. तोंडातून निघालं ते "हे व्हघ जरा." सून दुकानात नेण्यासाठी डबा भरत होती. तिने मान वर केली आणि डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं.

डॉक्टरांनी भुवया उचलायला लावल्या, गाल फुगवायला लावले, डोळे घट्ट मिटायला लावले. "घाबरू नका, मेंदूचं काही नाही," ते म्हणाले. "चेहऱ्याची एक नस सुजलीय. गोळ्या घ्या, डोळ्यात थेंब घाला, थोडे दिवस झाले की व्यायाम सुरू करा. बहुतेक लोक बरे होतात. वेळ लागतो."

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"ते आता नस ठरवेल."

हे उत्तर सासूबाईंना मुळीच आवडलं नाही. त्यांचा सगळा जन्म वेळापत्रकात गेला होता. शहराच्या मुख्य बसस्थानकावर त्या उद्घोषक होत्या. काचेच्या चिमुकल्या खोलीत बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे त्या सांगायच्या. गर्दी कितीही असो, त्यांचा शब्दन्‌शब्द कळायचा. निवृत्त झाल्यावरही एखादा दुकानदार सुटे पैसे देता देता थबकायचा. "बाई, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय." त्यांना ते फार आवडायचं, आणि आवडतं हे त्या कधी दाखवायच्या नाहीत.

आता त्याच तोंडातून 'प' निघेना, 'ब' निघेना, 'म' निघेना. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं होत नाहीत, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. जिच्या आवाजावर हजारो गाड्या सुटल्या, तिला 'बस' म्हणता येत नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी 'फाणी' मागितलं आणि मुलाला हसू फुटलं. औषधांच्या गोदामात दिवसभर खोकी मोजून आलेला साधा माणूस तो, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने लगेच माफीही मागितली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सासूबाईंनी त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. चेहऱ्यावर रुमाल धरायचा, फोन घ्यायचा नाही, बाल्कनीत जायचं नाही. मैत्रिणी आल्या की सुनेने दारातूनच सांगायचं, "आई झोपल्यात." मैत्रिणींना वाटलं असेल, ही बाई उभ्या आयुष्यात झोपली नाही तेवढी आता झोपून घेतेय.

व्यायाम शिकवायला दवाखान्यात एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. हसरी, चटपटीत, नखं अगदी बारीक कापलेली. तिने आरशासमोर बसवून सगळं दाखवलं. भुवई बोटाने हलकेच वर न्यायची, नाक मुरडायचं, गाल फुगवून हवा या गालातून त्या गालात फिरवायची.

"आणि मावशी, रोज शिट्टी वाजवायचा प्रयत्न करायचा. ओठांना त्याच्यासारखा व्यायाम नाही."

सासूबाईंनी रुमाल खाली घेतला. "शिट्टी?"

"हो, शिट्टी. तोंडाने."

सासूबाईंच्या लेखी शिट्टी हे नाक्यावर टवाळक्या करणाऱ्यांचं काम होतं. आणि तसं पाहिलं तर नुसतं मजेखातर केलेलं कुठलंच काम त्यांच्या पचनी पडत नसे. काही वर्षांपूर्वी सून फिरायला गेली की गोटे वेचून आणायची आणि त्यांच्यावर रंगाने मासे, पानं, डोळे काढायची. सासूबाईंनी एक गोटा उचलून उलटसुलट पाहिला होता आणि विचारलं होतं, "छान आहे. पण ह्याचं करायचं काय?" सुनेने गोटा परत घेतला. गोटे कुंडीतल्या मातीवर गेले, रंग माळ्यावर गेले.

घरी सासूबाई बाकीचे व्यायाम नेमाने करत. शिट्टीची पाळी आली की आरसा पालथा घालून उठत. पुढच्या खेपेला फिजिओथेरपिस्टने गाल दाबून पाहिला आणि विचारलं, "ओठ अजून आळशीच आहेत. शिट्टी करता ना?"

सासूबाईंनी रुमाल पुन्हा तोंडावर घेतला. सूनच म्हणाली, "त्यांना येत नाही."

"अहो, मला तरी कुठे येते? मी नुसती सांगते. घरात कुणाला येत असेल तर शिका त्यांच्याकडून."

सुनेने पायातल्या चपलेकडे पाहिलं.

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं फ्रेमा घालून आरशात स्वतःला न्याहाळत, आणि मागच्या अरुंद खोलीत ती काचा घासून त्या फ्रेमांत बसवायची. मशीन सुरू झालं की पाण्याच्या धारेखाली काचेची कड घासली जाताना सारखी किरकिर व्हायची. त्या किरकिरीखाली सून शिट्टी वाजवायची. तासन्‌तास, मनमुराद, वळणंबिळणं घेऊन. तिची आई लाँड्रीत कामाला होती, तीसुद्धा अशीच मशीनच्या आवाजाखाली वाजवायची, आणि शाळा सुटल्यावर धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसलेल्या लेकीला तिने ती कला देऊन टाकली होती. लग्न करून या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात टीव्हीवर कुणीतरी शिट्टी मारली आणि सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. नव्या सुनेने त्या पाहिल्या. तेव्हापासून घरात कधी ओठांचा चंबू केला नाही. नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी दुकानातून आल्यावर तिने पर्स खुंटीला लावली, हात धुतले, आणि आरशासमोर बसलेल्या सासूबाईंच्या पुढे स्टूल ओढून बसली.

"आई, तो आरसा ठेवा जरा. माझ्याकडे बघा."

आणि तिने वाजवली. आधी एक लांब सूर, मग तिची आई चादरी घडी करताना वाजवायची ती चाल. ती वर चढायची, वर जरा रेंगाळायची आणि मग पायऱ्या उतरल्यासारखी टपटप खाली यायची.

सासूबाईंची उजवी भुवई कपाळात गेली. डावी जागच्या जागी राहिली.

"हे तुला कधीफासून येतं?"

"लहानपणापासून."

"आणि इतकी वर्षं..."

"तुम्हाला आवडलं नसतं."

सासूबाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "नसतंच आवडलं," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "फरत वाजव."

सुनेने परत वाजवली. मग शिकवणी सुरू झाली. "ओठ 'ऊ' म्हणतो तसे करा. जिभेचं टोक खालच्या दातांना लावा. फुंकायचं नाही. चहावरची वाफ हळूच बाजूला सारतो ना, तेवढीच हवा सोडायची."

हवा सुटली, पण सगळी डाव्या कोपऱ्यातून. आवाज आला तो कुकरचा वॉशर गेल्यासारखा. सुनेने ओठ आवळून धरले, पण हसू काही आवरलं नाही, आणि हसताच तिने जीभ चावली. मुलाच्या हसण्यावर महिनाभर मुकी झालेली बाई आता काय करेल?

सासूबाई तिच्याकडे एकटक बघत राहिल्या. "टायर फंक्चर आहे," त्या म्हणाल्या, आणि अर्ध्या तोंडाने हसल्या.

मग सुनेने त्यांच्या डाव्या गालावर बोट ठेवलं आणि ओठांचा तो ढिला कोपरा हलकेच मिटून धरला. "आता सोडा."

तरीही शिट्टी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही, त्या आठवड्यातही नाही. पण संध्याकाळ झाली की सासूबाई स्टूल आपणच मांडून ठेवू लागल्या. सून दारातून आत येताच म्हणायच्या, "हात धू आणि ये. आज जीव्ह जरा आत ठेवून व्हघते." कधी हवा, कधी थुंकी, कधी घोड्यासारखी फुर्रर्र. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे इतक्या जवळून बघत की सुनेला सासूबाईंच्या हनुवटीवरचा बारीकसा व्रण पहिल्यांदा दिसला. विचारलं तर कळलं, लहानपणी झाडावरून पडल्या होत्या. सासूबाई कधीकाळी झाडावर चढत असतील, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

एका दुपारी सासूबाई एकट्याच घरात होत्या. बाल्कनीत चादरी वाळत होत्या, त्यांच्या आड उभं राहिलं तर रस्त्यावरून कुणाला चेहरा दिसत नव्हता. त्यांनी गालावर बोट ठेवलं, ओठ पुढे केले आणि हवा सोडली. अगदी बारीक, दोऱ्यासारखा एक सूर निघाला आणि तुटला. त्यांना वाटलं, दुसरीकडून कुठून तरी आला. पुन्हा हवा सोडली. पुन्हा तोच सूर, या वेळी जरा जाड. खाली गल्लीत सावलीला पडलेल्या कुत्र्याने मान उचलून वर बाल्कनीकडे पाहिलं.

सासूबाईंनी चादर बाजूला सारून त्याच्याकडे पाहिलं. मग खास त्याच्यासाठी एकदा वाजवली. कुत्र्याने शेपूट हलवलं.

संध्याकाळी सुनेने कुलपात किल्ली घातली तोच आतून शिट्टी आली. ती तशीच दारात उभी राहिली, किल्ली कुलपातच. आत सासूबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, एक बोट गालावर, डावा डोळा पाण्याने भरलेला. तो डोळा हल्ली तसाही पाझरायचा, त्यामुळे त्यात रडणं किती आणि आजार किती, हे काही सांगता आलं नसतं. सुनेच्या दोन्ही डोळ्यांना मात्र काहीच आजार नव्हता.

मग सासूबाईंना चटकच लागली. एका सुराचे दोन झाले, दोनाचे पाच. भाजी निवडताना शिट्टी, कपडे घडी करताना शिट्टी. बोट लागेनासं झालं. मुलगा एकदा जिना चढून आला, घरातून दोन शिट्ट्यांची जुगलबंदी ऐकली आणि मजला चुकला समजून आणखी एक जिना चढून गेला. वरच्या दारावरची पाटी वाचून परत खाली आला. "हे काय चाललंय घरात?" त्याने विचारलं. दोघींनी एकदम त्याच्याकडे वळून वाजवली.

मग एके दिवशी बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब होते. सासूबाई घरात एकट्या. त्यांनी सवयीने रुमाल तोंडावर धरला आणि दार किलकिलं केलं.

"माफ करा, त्रास देतोय," वकीलसाहेब म्हणाले. "पण रोज संध्याकाळी कुणी टवाळ पोरगा तुमच्या बाल्कनीच्या बाजूने शिट्ट्या मारतो. आमच्याकडे मुली आहेत वयात आलेल्या. म्हटलं, तुम्ही पाहिलंय का कोण ते?"

दार लावून घेता आलं असतं. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी दार सताड उघडलं, रुमाल काढून हातात घेतला आणि वाकडा झालेला सगळा चेहरा वकीलसाहेबांसमोर धरला.

"तो टवाळ मीच," त्या म्हणाल्या. 'मी'चा 'म' चांगला नीट मिटला.

आणि पुरावा म्हणून वाजवून दाखवली.

वकीलसाहेबांची बोलती बंद झाली. कोर्टात असं त्यांचं सहसा होत नसावं. मग ते घसा साफ करून म्हणाले, "मला लहानपणी फक्त आत ओढूनच यायची." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि श्वास आत घेत एक किनरा सूर काढला. सासूबाई म्हणाल्या, "जमतंय की. आत या, चहा घ्या." त्या दिवसापासून मैत्रिणींना कुणी 'आई झोपल्यात' म्हणून सांगितलं नाही.

एका रविवारी मुलगा पेपर वाचत बसला होता. सासूबाई बाल्कनीत काहीतरी वाजवत होत्या. सुनेच्या आईची चाल नव्हती ती. एकाच सुरावर बरीच पावलं चालायची, मध्येच जरा थांबायची, थोडी वर जायची आणि शेवटाला सावकाश खाली बसायची. दोनदा, तीनदा तेच. मुलाने पेपर खाली ठेवला.

"आई, थांब. हे मला येतं." आणि तो त्या सुरावर म्हणाला, "फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी, सुटण्याच्या तयारीत आहे."

सासूबाई वळल्या. "ओळखलंस?"

"शाळेतून येऊन तुझी ड्यूटी संपेपर्यंत तिथल्या बाकावर बसून अभ्यास केलाय मी. न ओळखून कसं चालेल?"

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिने त्या वाक्यावर वरच्या अंगाने एक सूर चढवला. सासूबाईंनी मान हलवली, तिचा सूर पुरता होईपर्यंत थांबल्या आणि मग आपलं वाक्य पुन्हा सुरू केलं. दोन्ही मिळून असं काही झालं की मुलाने पेपर घडी करून बाजूलाच ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या दोघींनी त्यात चुकलेलं मूल घातलं, उशिरा येणारी गाडी घातली, धावत येऊन पायरीवर चढणारा प्रवासी घातला. धावत येणारा प्रवासी सुनेने वाजवला तेव्हा मुलगा टाळ्या वाजवायचाही विसरला. त्या रात्री जेवताना सासूबाईंनी पाणी मागितलं, अगदी खणखणीत, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटच्या तपासणीला दोघी बरोबर गेल्या. फिजिओथेरपिस्टने गाल, भुवई, ओठ सगळं नीट पाहिलं. डावा डोळा मिटत होता. हसताना तोंड किंचित उजवीकडे जायचं, ते तसंच राहील म्हणाली.

"आता व्यायामाची गरज नाही, मावशी. शिट्टीसुद्धा बंद केली तरी चालेल."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बंद कशाला करायची?"

"म्हणजे आता काही उपयोग नाही तिचा."

"नाही ना?" सासूबाई म्हणाल्या, आणि मोकळं हसल्या. "मग तर फारच छान. आता खरी मजा येईल."

बाहेर वेटिंग हॉलमध्ये लोक ओळीने बसले होते. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा गुडघा बांधलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक धिप्पाड माणूस तोंडावर टॉवेल घेऊन भिंतीकडे बघत बसला होता. शेजारी त्याची बायको होती, ती हळू आवाजात समजावत होती, आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. टॉवेल जरा सरकला तेव्हा सासूबाईंना त्याच्या ओठांचा ओघळलेला कोपरा दिसला. त्या तिथेच थांबल्या.

"कधी झालं?" त्यांनी विचारलं.

उत्तर बायकोने दिलं. "आठवडा झाला. ट्रक चालवतात हे. तेव्हापासून घराबाहेर पडत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. आज कसंबसं आणलंय. धाकटी पोर म्हणते, हे माझे बाबा नाहीत."

ट्रकवाल्याने टॉवेल आणखी वर ओढला.

सासूबाई त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "ही बाजू. तुमच्यासारखीच होती. पाणी गळायचं, डोळा उघडा राहायचा. मीही रुमाल धरून बसले होते, तुमच्यासारखीच. टॉवेल तेवढा नव्हता."

त्याने हळूच नजर उचलली.

आणि सासूबाईंनी, त्या भरलेल्या हॉलमध्ये, इतक्या लोकांसमोर, शिट्टी वाजवली. गाडी सुटण्याची सगळी चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काचेच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर न दिसता लोकांशी बोलून घेतलं होतं. आज सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांनी ते बघू दिलं. वाकडा ओठ, बारका डोळा, सगळं. खिडकीपाशी सुनेनेही वरचा सूर धरला. कंपाउंडर औषधाची बाटली हातात घेऊन दारात उभा राहिला, आत फिजिओथेरपिस्ट कुणाचा तरी गुडघा धरून तशीच थांबली.

चाल संपली. मग ट्रकवाल्याने टॉवेल खाली केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मावशी, माझ्या तोंडातून तर हवाच सुटते नुसती."

"सुटणारच. बोट ठेवा इथे. जीभ खाली. फुंकायचं नाही, सोडायची."

त्याने केलं. फुर्रर्र झालं. त्याच्या बायकोने पटकन तोंडावर हात घेतला, पण तिच्या आधी तोच हसला, अर्ध्या तोंडाने, खांदे हलवत. शेजारचा गळ्यात हात बांधलेला माणूस म्हणाला, "थांबा, मला येते बहुतेक," आणि त्यालाही आली नाही. पलीकडच्या आजींना मात्र आली, आणि त्या स्वतःच इतक्या दचकल्या की काठी खाली पडली. बघता बघता अख्खा हॉल ओठांचे चंबू करून बसला. कुणाचा सूर, कुणाची नुसती हवा, कुणाचं हसू. नंबर पुकारायला आलेल्या बाईला कुणी ऐकेचना, तिने शेवटी हात टेकले.

ट्रकवाल्याला त्या दिवशी आली नाही. पण उठताना त्याने टॉवेल बायकोच्या पिशवीत कोंबला आणि तोंड उघडं ठेवूनच आत गेला.

दोघी रस्त्यावर आल्या. ऊन तिरपं झालं होतं, दुकानांची शटरं वर जात होती, रस्त्यावर बऱ्यापैकी वर्दळ होती.

"काय वाजवायचं?" सुनेने विचारलं.

"नवीन काहीतरी. तू सुरू कर, मी येते मागून."

सुनेने सुरू केलं. कुठे जाणार ते तिलाही ठाऊक नव्हतं. सासूबाई चार पावलं ऐकत चालल्या, मग खालच्या अंगाने आत शिरल्या. समोरून येणाऱ्या लोकांनी वळून पाहिलं, एका सायकलवाल्याने वेग कमी केला. त्या दोघी घराकडे वळायच्या कोपऱ्यापाशी आल्या आणि न थांबता सरळ पुढे निघून गेल्या, कारण चाल आत्ताच कुठे रंगात आली होती.